दुसरं क्रियापद

मराठी माणसाचं इंग्रजी पहिल्या क्रियापदापर्यंत अगदी झोकात चालतं. 'आय वॉन्ट', 'आय एन्जॉय', 'ही सजेस्टेड' इथवर आवाजात दम असतो, हातवारे असतात, समोर साहेब असेल तर मानही किंचित तिरकी होते. घोटाळा त्याच्या पुढे आहे. एक क्रियापद टाकून झालं की वाक्य दुसरं मागतं, आणि त्या दुसऱ्याच्या आधी 'टु' लावायचा की शेपटीला 'आयएनजी' जोडायचं, हे ठरवायला जेमतेम अर्धा सेकंद मिळतो. त्या अर्ध्या सेकंदात भलेभले खोकतात.

हा खोकला मी मीटिंगांमध्ये ओळखायला शिकलो आहे. तो घशातून येत नाही, व्याकरणातून येतो. काही जण खोकत नाहीत, पुटपुटतात. त्यांचा 'टु' इतका बारीक असतो की ऐकणाऱ्याला हवा असेल तर त्यानं तो धरावा, नको असेल तर सोडून द्यावा. काही धाडसी मंडळी धोका नको म्हणून दोन्ही लावतात: 'आय वॉन्ट टु डुइंग'. आमचे एक सहकारी दुसरं क्रियापद सरळ मराठीतच टाकतात. 'सर, आय सजेस्ट, आपण उद्या बसू या.' साहेब तमिळ आहेत, पण इतक्या वर्षांत त्यांना 'बसू या' कळायला लागलंय. सहकाऱ्यांचं प्रमोशनही झालं.

माझी पद्धत जरा अभ्यासाची आहे. इंग्रजीत काही सज्जन क्रियापदं अशी आहेत की त्यांना पुढे काहीही चालतं. लाइक, लव्ह, हेट, स्टार्ट, बिगिन, कंटिन्यू. 'इट स्टार्टेड टु रेन' म्हणा, 'इट स्टार्टेड रेनिंग' म्हणा, पाऊस तोच आणि मार्कही तेच. एवढ्यांच्या जिवावर मी नोकरी काढली. त्याचा स्वभावावर मात्र परिणाम होतो. मराठीत मी कुरकुऱ्या, चालढकल करणारा आणि ऐन वेळी शब्द फिरवणारा माणूस आहे. इंग्रजीत मला फक्त आवडतं, मी सुरुवात करतो आणि चालू ठेवतो. नकार द्यायचा तर 'रिफ्यूज' लागतो, टाळायचं तर 'अव्हॉइड', पुढे ढकलायचं तर 'पोस्टपोन', आणि या तिघांच्या पुढे काय येतं याची खात्री नसल्यामुळे मी आजवर एकही काम नाकारलेलं, टाळलेलं किंवा पुढे ढकललेलं नाही. वार्षिक मूल्यमापनात माझ्या नावापुढे 'अत्यंत उत्साही' असा शेरा असतो.

एकदा साहेबांनी विचारलं, ''डू यू माइंड स्टेइंग लेट टुडे?'' मी नेहमीच्या उत्साहात म्हणालो, ''येस सर, येस सर!'' साहेब दचकले. माझी थांबायला हरकत आहे, असं मी त्यांना भर ऑफिसात दोनदा सांगितलं होतं. माझ्या बाणेदारपणाची चर्चा झाली. मी रात्री नऊपर्यंत बसलो ते वेगळं.

याची मुळं शाळेत आहेत. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आमच्या पिढीच्या मराठी शाळांत ते पाचवीला यायचं, आणि येताना शेपटी सोडवून यायचं नाही. 'डू ॲज डायरेक्टेड' हा प्रश्न आम्ही आज्ञाधारकपणे सोडवला. 'रिमूव्ह टू' असं म्हटलं की 'टू' काढून तिथे 'सो' आणि 'दॅट' बसवायचे, हे मला आजही झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. 'टू' काढायला शिकवलं, 'टु' घालायला शिकवायचं राहिलं. एका धीट मुलानं सरांना विचारलं होतं, ''सर, एन्जॉयच्या पुढे आयएनजीच का?'' सर म्हणाले, ''कानाला जे बरं वाटतं, ते लिहायचं.'' आता ज्या कानांवर सकाळी आकाशवाणीच्या बातम्या, दुपारी शेजारच्या पिठाच्या गिरणीची घरघर आणि संध्याकाळी आईच्या हाका, त्या कानांना 'एन्जॉय रीडिंग' बरं वाटावं आणि 'एन्जॉय टु रीड' टोचावं, हे कसं व्हायचं? आमच्या कानांना दोन्ही सारखंच परकं होतं. आईच्या हाका जरा जास्त टोचायच्या.

मग ज्याच्या घरी जे व्याकरण असेल त्याच्याकडे धाव. कुणाकडे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असायची, कुणाच्या मोठ्या भावाकडे रेन अँड मार्टिन. हा बरीच वर्षं मला 'रेनँड मार्टिन' नावाचा एकच गोरा, चिडका माणूस वाटत होता. पुढे कळलं की ते दोघे होते, आणि त्यांतले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. त्यांनी कादंबऱ्याही लिहिल्या. १९२४ साली आलेली 'बो जेस्ट' तर प्रचंड खपली. तिच्यात तीन भाऊ घरदार सोडून फ्रेंचांच्या परदेशी पलटणीत भरती होतात आणि वाळवंटात जातात. ज्या माणसाला इंग्रजी व्याकरण शिकवायचं होतं त्याला वाळवंटात पळून जाण्याची गोष्ट सुचली, यात मला काही नवल वाटत नाही.

पुस्तकांनी यादी दिली, कारण दिलं नाही. म्हणून मी स्वतःच एक सिद्धांत काढला: जे अजून व्हायचंय त्याला 'टु', जे होऊन गेलंय किंवा चालू आहे त्याला 'आयएनजी'. (हा सिद्धांत बऱ्याच व्याकरणकारांनी आधीच मांडलेला आहे हे नंतर समजलं, पण तोवर मी तो स्वतःच्या नावावर बऱ्याच जणांना ऐकवला होता.) आणि काय सुरेख चालायचा तो! होप, प्लॅन, इंटेंड, ऑफर, प्रॉमिस, स्वेअर ही सगळी 'टु'वाली. म्हणजे निवडणुकीची सभा. ॲडमिट, डिनाय, रिकॉल ही सगळी 'आयएनजी'वाली. म्हणजे चौकशी समिती. 'वी प्रॉमिस टु बिल्ड अ ब्रिज' इथून सुरुवात होते आणि 'ही डिनाइज टेकिंग द मनी' इथे येऊन आपण थांबतो. मधल्या काळात पूल बांधून झालेला असतो आणि वाहून गेलेलाही असतो. यातलं 'प्रिटेंड' हे क्रियापद 'टु'वाल्यांच्या बाकावर, प्रॉमिसच्या शेजारी बसतं, हे मला विशेष आवडायचं.

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर इंग्रजीचे निवृत्त मास्तर राहतात. त्यांना मी मोठ्या अभिमानानं हा सिद्धांत सांगितला. त्यांनी चष्मा पुसला.

''सजेस्टच्या पुढे काय?''

''आयएनजी.''

''सुचवलेली गोष्ट झालेली असते का?''

''नसते.''

''आणि पोस्टपोनच्या पुढे? पुढे ढकललेलं काम झालेलं असतं?''

''आपल्याकडे तरी नाही.''

''बरं, 'ही मॅनेज्ड टु एस्केप'. चोर निसटला की नाही?''

''निसटला.''

''मग जे झालं त्याला टु कशाला?''

चोराबरोबर माझा सिद्धांतही निसटला. मी म्हटलं, ''निदान टु दिसला की पुढे मूळ क्रियापद, एवढं तरी नक्की ना?'' त्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू उमटलं, ते मी एरवी फक्त विम्याच्या एजंटाच्या चेहऱ्यावर पाहिलंय. ते म्हणाले, ''लुक फॉरवर्ड टु. ऑब्जेक्ट टु. यूज्ड टु. यांतला टु वेगळा.''

''दिसायला?''

''तसाच.''

''ऐकायला?''

''अगदी तसाच.''

''मग ओळखायचा कसा?''

''पुढे आयएनजी आलं की समजायचं, हा तो वेगळा टु.''

'यूज्ड टु'मध्ये तर दोन माणसं एकाच नावानं वावरतात. 'आय यूज्ड टु गेट अप ॲट फाइव्ह' म्हणणारे गृहस्थ पूर्वी पाचला उठायचे, आता साडेआठशिवाय हलत नाहीत आणि त्यावर भाषणं देतात. 'आय ॲम यूज्ड टु गेटिंग अप ॲट फाइव्ह' म्हणणारीला पाचला उठायची सवय झालेली आहे. बहुतेक ती त्यांचीच बायको असते आणि ती भाषण देत नाही, कारण तोवर तिनं डबे भरायला घेतलेले असतात.

'मेक'चीही अशीच एक खोड. 'द क्लार्क मेड मी वेट' यात 'टु' नाही. क्लार्कनं वाट पाहायला लावलं, विषय संपला. पण तेच आपल्या बाजूनं सांगायला गेलं की 'आय वॉज मेड टु वेट', 'टु' हजर! कर्तरीत गायब, कर्मणीत उपस्थित. सेतू केंद्रात रांगेत उभं राहून मी याचा फार विचार केला आहे आणि माझ्या मते हे न्याय्य आहे. सकाळपासून उभं राहून दाखला मिळाला नाही, निदान 'टु' तरी मिळाला.

हे सगळं घरात बसून सोसता येतं. सार्वजनिक जीवनात ते उतरलं की काय होतं, हे आमच्या सोसायटीनं पाहिलं. प्रश्न कबुतरांचा होता. दादरच्या कबुतरखान्याचं प्रकरण २०२५ साली हायकोर्टात गेलं. आमच्या कबुतरांचं प्रकरण व्याकरणात गेलं. दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी डक्टमध्ये ज्वारी टाकत असे. मराठीत नोटीस लागली, उपयोग झाला नाही. भाडेकरूंपैकी निम्मे परप्रांतातले, तेव्हा नोटीस इंग्रजीत हवी, असं ठरलं. सेक्रेटरींनी मसुदा वाचला: ''मेंबर्स आर रिक्वेस्टेड टु अव्हॉइड टु फीड पिजन्स.''

मास्तर म्हणाले, ''अव्हॉइड फीडिंग.''

सेक्रेटरी म्हणाले, ''पण रिक्वेस्टेडच्या पुढे टु आहे.''

''तिथे हवा. अव्हॉइडपुढे नको.''

''हा काय न्याय झाला? एकाला द्यायचा, दुसऱ्याला नाही?''

खजिनदारांचं म्हणणं पडलं की दोन 'टु' घातले तर नोटिशीला वजन येतं. तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं की नोटीस लॅमिनेट करायची आहे का, कारण मागच्या वेळी पावसात शाई उतरून पार्किंगच्या दंडातलं शेवटचं शून्य पुसलं गेलं होतं. मास्तरांनी आवाज चढवून सांगितलं की इंग्रजीत असाच नियम आहे. सेक्रेटरींनी शांतपणे विचारलं, ''आदर्श उपविधींमध्ये आहे का?''

नव्हता. मग मतदान झालं. बहुमताचा कौल 'अव्हॉइड टु फीडिंग'ला मिळाला, कारण त्यात कुणाचाच अपमान होत नव्हता. मास्तर सभात्याग करून वर गेले. ते गेल्यावर सेक्रेटरींना वाटलं, 'अव्हॉइड' हा शब्दच मुळात भांडखोर आहे, तो काढून साधा शब्द टाकावा. दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी लॅमिनेट केलेली नोटीस झळकली: ''प्लीज स्टॉप टु फीड द पिजन्स.''

आता 'स्टॉप फीडिंग' म्हणजे दाणे टाकणं थांबवा. 'स्टॉप टु फीड' म्हणजे जाता जाता क्षणभर थांबा आणि दाणे टाका. मास्तर सोडून बाकी सगळ्यांना नोटीस निर्दोष वाटली. फक्त चौथ्या मजल्यावर बेंगळुरूहून आलेला, कॉन्व्हेंटात शिकलेला एक सरळमार्गी मुलगा होता. त्याला सेक्रेटरींनी ऐन गच्चीवर पकडलं. हातात डाळिंबाएवढ्या मुठी भरून तांदूळ.

''नोटीस वाचली नाहीस?'' सेक्रेटरी गरजले.

''वाचली ना अंकल,'' तो म्हणाला, ''म्हणून तर थांबलो. नाहीतर मला जिमला उशीर होतोय.''

त्याला दंड करायचा की नाही यावर पुन्हा सभा झाली. दंड झाला नाही, कारण मास्तरांनी त्याचं वकीलपत्र घेतलं.

या सगळ्याचा परिणाम म्हणून मी घरी मुलीचा अभ्यास घ्यायला बसलो. धड्यात 'रिमेंबर' होतं. मी म्हटलं, ''हे बघ, 'रिमेंबर टु लॉक द डोअर' म्हणजे कुलूप लावायचं लक्षात ठेवणं. 'रिमेंबर लॉकिंग द डोअर' म्हणजे कुलूप लावल्याचं आठवणं. कळला फरक?'' मुलीनं मान डोलावली. स्वयंपाकघरातून आवाज आला, ''आणि तुझ्या बाबांना यातलं एकही जमत नाही.'' लोणावळ्यापासून गाडी परत फिरवल्याचा विषय मग जेवण होईपर्यंत चालला. व्याकरण त्या दिवशी तिथेच राहिलं.

साहेबी लोकांचं आपापसातही जमलेलं नाही, हा एक दिलासा. मुलगा शाळेत उशिरा पोचला तर चिठ्ठीत 'माय सन्स कमिंग लेट' लिहायचं की नुसतं 'माय सन कमिंग लेट', यावरून तिकडे मोठमोठे विद्वान भांडले आहेत. इंग्रजीतले कडक शिस्तीचे फाउलर यांना दुसरी रचना अजिबात खपायची नाही. १९०६ सालच्या 'द किंग्ज इंग्लिश'मध्ये ते तिच्यावर तुटून पडले होते. तर डेन्मार्कचे येस्पर्सन म्हणाले, अहो, तुमचेच नामवंत लेखक पिढ्यान्पिढ्या असं लिहीत आलेत. इंग्रजाला इंग्रजी कसं असतं हे डेन्मार्कहून कळवावं लागलं. आमच्या मुलीच्या शाळेच्या चिठ्ठीवर मी अलीकडे फक्त 'लेट. सॉरी.' एवढंच लिहितो. अद्याप कुणीही हरकत घेतलेली नाही.

मागच्या सुट्टीत न्यू जर्सीहून चुलतभावाचा मुलगा आला होता. त्याला मराठी शिकायचं होतं. वहीपेन घेऊन माझ्यापुढे बसला. म्हणाला, ''काका, 'तो ऑफिसला जायला लागला' आणि 'त्याला ऑफिसला जायला लागलं' हे सेम ना?''

''छे! पहिल्यात पेढे वाटतात. दुसऱ्यात रविवार असतो.''

''बट 'जायला' पण तेच, 'लागणे' पण तेच. मग असं का?''

''असंच आहे.''

''रूल काय?''

मी चष्मा काढला आणि पुसला. ''कानाला बरं वाटतं ते बोलायचं.''

तो वहीत काहीतरी लिहीत राहिला. त्याच्या कपाळावर आठी होती. पाचवीपासून बाकी असलेली एक वसुली त्या दुपारी व्याजासकट झाली, आणि मी स्वतःला एक जादा कप चहा मंजूर केला.

हल्ली म्हणे या विद्येची गरजच उरलेली नाही. फोनमध्ये दोन शब्द टाकले की तिसरा तोच सुचवतो, चुकलं की खाली रेघ ओढतो. आमच्या सेक्रेटरींनी या रेघेवरही तोडगा काढलाय. ते नोटिसा आता हातानं लिहितात. कागदाखाली रेघ येत नाही.

तर वाचकहो, या लेखातलं एखादं उदाहरण आपल्याला चुकीचं वाटलं, तर संपादकांना जरूर कळवा. पत्र इंग्रजीतच लिहा. आणि शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टु' एवढं लिहून झालं की पुढचा शब्द पूर्ण लिहा, खोकू नका.